सांबरशिंग उगाळायला वैशाखऱ्याला

मे महिन्यात शहापूर-मुरबाड भागात फिरायला जा, असा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाशी बोलणं सोडावं. डोंगर करपलेले असतात, ओढ्यांतले दगड उघडे पडलेले असतात, आणि पावसाळ्यात ज्या धबधब्याखाली अर्धं कल्याण चड्डी-बनियनवर नाचतं तिथे कड्यावर नुसता एक पांढरा ओघळ उरलेला असतो. तरीही आम्ही गेलो. आमच्या गृहस्थांना गावी जाऊन सांबरशिंग उगाळून प्यायचं होतं, आणि या कामाला त्यांना एकटं पाठवायची माझी तयारी नव्हती.

आधी कारण सांगते, म्हणजे पुढचा वेडेपणा समजेल. गृहस्थांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की त्या गाठीला पुरुषी हार्मोन म्हणजे खतपाणी आहे. इंजेक्शन देऊन ते हार्मोन बंद करायचं, म्हणजे गाठ आटोक्यात राहील. टाळू नका, म्हणाल्या. गृहस्थांनी मान डोलावली, चप्पल घातली, आणि त्यानंतर जी टाळाटाळ सुरू केली ती थेट आंब्याच्या दिवसांपर्यंत. हा माणूस उभा जन्म कारखान्यात फोरमन होता. आवाज असा की यंत्रं चालू असताना गेटपर्यंत जायचा. त्यांना मरणाची भीती नव्हती, भीती होती ती आवाज जाण्याची. "मिशी गळेल, आवाज बायकी होईल, मग मी कोण राहणार?" असं एकदा पाठ फिरवून म्हणाले. आवाजाला काही होत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं आणि मीही सांगितलं. मी जीवशास्त्र शिकवण्यात केस पांढरे केले, पण घरात माझी पदवी फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजायला चालते.

त्यांच्या घराण्यात एक प्रथा आहे. वैशाखऱ्याच्या, म्हणजे गावच्या, घरी माळ्यावर फडक्यात गुंडाळलेलं सांबरशिंग असतं. पोराची छाती भरली की ते सहाणेवर उगाळून छातीला लावतात. आणि घरातल्या प्रत्येक नवरदेवाला हळदीच्या सकाळी, अनशापोटी, त्याचं पाणी पाजतात. का, ते मोठ्यानं कोणी सांगत नाही, नुसते मिशीत हसतात. गृहस्थही ते पिऊनच बोहल्यावर चढले होते. "शिंग पिऊन येतो, मग इंजेक्शनचं बघू," असा त्यांचा निर्णय झाला. मी म्हटलं, चला. हा तमाशा बघायला पदरचं पेट्रोल घालावं लागलं तरी हरकत नाही.

हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी चिडले. त्यातलं एक मी काढलं.

कल्याणहून वैशाखरे म्हणजे सरळ मुरबाडमार्गे माळशेज घाटाचा रस्ता, मध्ये सरळगाव आणि टोकावडे. शहाण्यानं तसंच जावं. आम्ही आधी शहापूरला गेलो, कारण मुलानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आटगावजवळच्या एका रिसॉर्टचं बुकिंग भेट दिलं होतं. नाशिक महामार्ग तुम्हाला माहीत आहेच. त्याचं काम आम्ही लग्नाळू होतो तेव्हाही चालू असावं असं वाटतं. पहाटे निघालात तर पडघ्यापर्यंत माणसासारखं जाता येतं, नंतर निघालात तर ट्रकच्या मागे लिहिलेली शेरोशायरी तोंडपाठ होते.

रिसॉर्टचं नाव घेत नाही. फाटकातच फायबरचं हरणांचं कुटुंब उभं आहे. बाप, आई, पाडस. तिघांनाही शिंगं! पाडसालासुद्धा दोन फाट्यांची, शिवाय पापण्यांना काळे लांब केस. मी गाडीतून उतरून बघतच राहिले. तेवढ्यात व्यवस्थापक आला. टाय लावलेला, घामानं डबडबलेला, बिचारा तरुण मुलगा.

"मॅडम, फोटो काढा ना, सेल्फी पॉइंट आहे आपला. डिअर फॅमिली."

"मादीला शिंगं कशी?" मी विचारलं.

"शिंगं नसली तर लोकांना गाढव वाटतं, मॅडम," तो म्हणाला. हे उत्तर मात्र खरं होतं. आमच्याकडच्या हरणांत शिंगं फक्त नराला येतात, तीही वर्षभर एकसारखी नसतात, हे त्याला सांगून काय उपयोग? लोकांना शिंगं हवीत, मग ती पाडसाच्या डोक्यावर का असेनात.

'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी असलेल्या खोलीत एसी इतका होता की खिडकीबाहेरचा निसर्ग काचेवर पाणी होऊन ओघळत होता. जेवणाला 'गावरान थाळी' म्हणून जे आलं त्यात पनीर होतं. शहापूर तालुक्यातल्या कुठल्या गाईनं हे पनीर गावरान केलं, असं मी वेटरला विचारणार होते, पण तेवढ्यात गृहस्थ हात धुवायला म्हणून उठले आणि शिंगाचं चित्र असलेल्या कॅप्सूलच्या डब्या मांडलेल्या काउंटरपाशी जाऊन त्या टायवाल्याशी हळू आवाजात बोलू लागले. आमच्या गृहस्थांचा हळू आवाज म्हणजे दुसऱ्या टेबलापर्यंत.

"ते जे कॅप्सूल ठेवलेत... त्यात खरं शिंग असतं का?"

"प्युअर हर्बल आहे सर."

शिंग हर्बल कसं असेल, हा प्रश्न फोरमनला पडला नाही. एरवी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या देठांवरून वाद घालणारा माणूस तिथे पाकीट काढून उभा होता. मी जाऊन पाकीट बंद केलं आणि म्हटलं, प्यायचंच असेल तर निदान घरचं प्या. ते चिडले, पण आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरं तर सरळ वैशाखऱ्याला निघायचं होतं. पण रिसॉर्टच्या माळ्यानं गृहस्थांच्या कानात काहीतरी सोडलं. डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर जबर वैदू आहे म्हणे. माणसाची वीस वर्षं उतरवतो. झालं, गाडी डोळखांबकडे वळली. रस्ता मात्र सुंदर आहे, हे कबूल करते. शेणव्यानंतर वळणं सुरू होतात, दोन्ही बाजूंना साग, त्याची पानं गळून चाळण झालेली, आणि मध्येच पळस-पांगाऱ्याचं एखादं हिरवं झाड. पेट्रोल शहापुरातच भरून घ्या. पाणीही घ्या.

पाडा जवळजवळ रिकामा होता. बरीचशी घरं वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली, पावसाच्या तोंडावर परत येतील. वैदूच्या दाराला कडी होती. शेजारच्या ओट्यावर एक बाई मोहाची वाळलेली फुलं निवडत बसली होती.

"वैदू कुठे गेलेत?" गृहस्थांनी विचारलं.

"ते नाय. ठान्याला दवाखान्यात हायत."

"कोणाला घेऊन गेलेत?"

"कोनाला नाय, त्यांनाच नेलाय. लघवी अडकलेली." बाईनं फुलं निवडणं थांबवलं आणि आमच्याकडे नीट बघितलं. "तुमाला पन तोच तरास हाय का?"

मी आयुष्यात इतकं हसू आवरलं नव्हतं. गृहस्थ गाडीत जाऊन बसले आणि किन्हवली येईपर्यंत त्यांनी हॉर्नशिवाय आवाज केला नाही. किन्हवलीला एका टपरीवर वडापाव खाल्ला. वडा गरम होता, चटणी तिखट होती, आणि आदल्या दिवशीच्या गावरान पनीरपेक्षा सगळंच बरं होतं. तिथून सरळगावला निघालात की पुन्हा माळशेजचा रस्ता मिळतो. टोकावड्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसतात. घासाघीस करू नका. उन्हात काट्यांतून हात घालून काढलेल्या फळांसाठी घासाघीस करणारे गाडीवाले मी तिथे पाहिले, आणि त्यांच्या गाडीची किंमत मनात धरून मला त्यांची लाज वाटली.

वैशाखऱ्याला घरी चुलतदीर बाळाराम आणि त्यांची आई, म्हणजे आमच्या काकी. काकींचं वय कोणालाच माहीत नाही, त्यांना तर नाहीच. कमरेतून वाकल्या आहेत, पण जीभ सरळ आहे. बाळारामभाऊजी शेती करतात आणि उरलेला वेळ आपल्या चार पोरांचं कौतुक सांगण्यात घालवतात. ती चारही पोरं शिंगाच्या पाण्याची कमाई, असं ते गावात उघड सांगतात. त्यांची बायको त्या आठवड्यात माहेरी गेली होती, नाहीतर तिनं या कमाईवर काही वेगळं मत दिलं असतं.

गृहस्थांनी येण्याचं कारण सांगितलं कंबरदुखी. बाळारामनी डोळा मिचकावला. "कंबर काय रे दत्ता, या वयात पन? वहिनी, ध्यान ठेवा!" गृहस्थही खोटं खोटं हसले. तेव्हा मला त्यांचा राग आला आणि थोडं वाईटही वाटलं. भावाजवळ रोगाचं नाव घेता येत नाही, पण नसती मर्दानगी चालते.

संध्याकाळी घरामागच्या खळ्यावर खाट टाकून बसलो होतो. समोर डोंगराची उतरण, खाली आटत आलेलं डबकं. आणि भुंकणं ऐकू आलं. कुत्र्यासारखं, पण एकेक, खणखणीत, मध्ये थांबून. भेकर! मी दुर्बीण काढली. डबक्याच्या वरच्या करवंदीच्या जाळीजवळ तांबूस, शेळीएवढं जनावर उभं होतं, मान वर करून.

"मादी हाय," बाळाराम म्हणाले. "शिंगं नायत."

"नर आहे," मी म्हटलं. "शिंगं गळलीत त्याची."

दोघे भाऊ माझ्याकडे बघून हसले. मी दुर्बीण गृहस्थांच्या हातात दिली आणि सांगितलं, कपाळ बघा. डोळ्यांच्या मधून दोन काळ्या रेघा वर जातात. त्या रेघा जिथे संपतात तिथे केसाळ खुंट आहेत बोटभर. मादीला असे खुंट नसतात. शिंग त्या खुंटावर उगवतं, आणि दर वर्षी गळून पडतं. ओठाखालून सुळा डोकावतोय तोही बघा. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. त्यांचं हसणं थांबलं.

"गळतात म्हणजे कशानं?" त्यांनी विचारलं.

आता विद्यार्थ्यानं आपणहून प्रश्न विचारला, तर शिक्षिका थांबते होय? मी सांबरापासून सुरुवात केली, कारण माळ्यावर त्याचंच शिंग होतं. सांबराचं पुरुषी हार्मोन वर्षभर सारखं नसतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते ओसरतं. मग शिंगाच्या बुडाशी हाड विरघळतं आणि एक दिवस चालता चालता शिंग पडतं, आज एक, दोन दिवसांनी दुसरं. पावसाळाभर नवं शिंग वाढतं. तेव्हा त्याच्यावर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्त खेळत असतं, हात लावला तर कोमट लागेल आणि खरचटलं तर दुखेल. पाऊस सरला की हार्मोन पुन्हा चढतं. कातडीचं रक्त तुटतं, ती सुकते, फाटते, नर ती झाडाला घासून काढतो. मग ते टोकदार, चकचकीत शिंग डोक्यावर घेऊन तो माजावर येतो आणि दुसऱ्या नरांशी झोंबतो. चितळांचं असं एक वेळापत्रक नसतं, त्यांच्यातला कोणीतरी कुठल्याही महिन्यात बोडका सापडतो.

"आणि ज्याचा एवढा तोरा असतो ना," मी म्हटलं, "ते तेव्हा मेलेलं हाड असतं. जिवंत होतं तेव्हा मऊ होतं."

बाळारामना हे पटलं नाही. त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "वहिनी, पुस्तकात कायपन लिवतात."

गृहस्थांनी दुर्बीण खाली ठेवली. माझ्याकडे न बघता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याचं पुन्हा उगवतं. माझं?"

इथे मी चुकीचं बोलले. खरं तेच बोलले, पण टोमण्यात. "तुमचं नाही उगवणार. तुम्हाला शिंगं होती कधी?" एरवी या वाक्यावर ते हसले असते. त्या संध्याकाळी उठून आत गेले. रात्री वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती, त्यांनी अर्धी भाकरी पानात टाकली. खाली भेकर अजून भुंकत होतं.

सकाळी काकींनी माळ्यावरून फडकं काढायला लावलं. चुलीशेजारी सहाण मांडली, थोडं पाणी घातलं आणि तुकडा उगाळायला घेतला. मी जवळ बसले. शिंग बघायची मलाही उत्सुकता होती. त्या घरात सून म्हणून इतकी वर्षं येते, पण पुरुषांच्या औषधाला मी कधी हात लावला नव्हता. तुकडा अंगठ्याएवढाच उरला होता. काळपट, गुळगुळीत. सांबरशिंग बाहेरून खरखरीत असतं, आतून पांढरं हाड. उगाळलं की खडूसारखं पाणी उतरतं. सहाणेवरचं पाणी मळकट होतं आणि त्याला नख जाळल्यासारखा बारीक वास होता. मी काकींकडे बघितलं. त्यांनी उगाळणं थांबवलं.

"कशाला पायजे गो दत्तूला आता हे? खरं सांग. कंबर नाय त्याची."

मी खरं सांगितलं. गाठ, इंजेक्शन, टाळाटाळ, आवाजाची भीती, सगळं. डोळ्यांत पाणी आलं तेही पुसलं नाही, चुलीचा धूर होताच. म्हटलं, काकी, हे पाणी पिऊन ते बरं वाटलं म्हणतील आणि इंजेक्शन घेणार नाहीत. मग माझं काय?

काकींनी तुकडा हातात घेऊन फिरवला. मग अगदी सहज म्हणाल्या, "हे सांबराचं नाय."

"मला आत्ताच कळलं. कशाचं आहे?"

"ढवळ्याचं. आमचा बैल."

खरं शिंग त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं. मग कधीतरी शिंगं बाळगली तर धरतात अशी गावात बातमी आली, आणि काकांनी घाबरून ते रातोरात ओढ्याच्या डोहात टाकलं. काकींना सून होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झालेली. पुढच्याच थंडीत बाळारामची छाती भरली आणि सासूबाई ओरडल्या, शिंग आण. नवऱ्यानं टाकलं हे सासूला सांगायची छाती कोणाची होती? गोठ्यात मेलेल्या ढवळ्याचं शिंग खुंटीला अडकवलेलं होतं. काकींनी त्याचं टोक कापलं, चुलीच्या धुरात काळं केलं आणि फडक्यात बांधलं. बाळाराम बरा झाला. मग पोरं बरी होत गेली, नवरदेव पीत गेले, आणि सांगायची वेळ राहूनच गेली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"पिऊ दे त्याला. आदी सांगितलं तर थुकून टाकील. प्याल्यावर सांगते."

गृहस्थ ओटीवर अंघोळ करून, पूर्वेला तोंड करून बसले होते. शेजारी बाळाराम, आपल्यालाही घोटभर द्या म्हणून वाटी पुढे करून. दोघांनी डोळे मिटून, देवाचं तीर्थ घ्यावं तसं ते पाणी घेतलं. बाळारामनी मिशा पुसल्या. "बग दत्ता, लगेच अंगात गरम वाटतंय."

"वाटंल," काकी दारात बसत म्हणाल्या. "ढवळ्या होताच गरम."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जसं मला सांगितलं तसंच, काही न सजवता. बाळाराम आधी हसले, मग आईच्या तोंडाकडे बघून थांबले.

"म्हंजे माज्या लग्नात पन...?"

"तुज्या पन, दत्तूच्या पन. सगळ्यांच्या."

"पन आये," बाळारामचा आवाज चिरकला, "ढवळ्या तर ठेचलेला होता!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नांगराला जुंपायचा बैल खच्ची केलेला असतो. लहानपणीच त्याचं ते हार्मोन कायमचं बंद करून टाकतात, म्हणजे तो वळूसारखा उधळत नाही. तर घराण्यातले सगळे मर्द पिढीभर हळदीच्या दिवशी अनशापोटी एका खच्ची बैलाचं शिंग पीत आले होते, आणि त्या जोरावर बाळाराम गावभर मिरवत होते. मला इतका आनंद झाला की मी खांबाला धरलं. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणासाठी मी पुन्हा एकदा गावरान पनीर खायला तयार होते.

काकी मात्र हसत नव्हत्या. त्या गृहस्थांकडे बघत होत्या. "दत्तू, तू ढवळ्याला बगितलाय ना? लहान होतास, त्याच्या पाठीवर बसायचास. त्याच्यासारका बैल या गावात झाला का? चिकलात सगळ्यांचे बैल बसायचे, तो उभा. आनि तो सरपंचाचा वळू काय करतो? खातो नि दुसऱ्यांची शेतं तुडवतो. ढवळ्यावर आमी घर चालवलं. त्याला कोन बोललं का, तू कोन म्हनून?"

गृहस्थ वाटीकडे बघत बसले. मला वाटलं, आता उठतील आणि आत जातील, आदल्या संध्याकाळसारखे.  पण त्यांनी वाटी खाली ठेवली आणि कारखान्यातल्या त्यांच्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाळा, मला कॅन्सर हाय. खालचा. ते बंद करायचं इंजेक्शन घ्यायचंय."

बाळारामनी हातातली वाटी हळूच बाजूला केली. जन्मात पहिल्यांदा त्यांना विनोद सुचला नाही. "मग घे ना रे," एवढंच म्हणाले. "मी येतो संगं."

परतीच्या वाटेवर मुरबाडला ऊस पिळणाऱ्याकडे थांबलो. ग्लास अर्धा झाला आणि गृहस्थांना हसू फुटलं. रस नाकात गेला, तरी थांबेनात. "ठेचलेला होता गं!" असं म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. ऊसवाल्याला वाटलं यांना उष्माघात झाला, त्यानं बर्फ पुढे केला. मीही हसले, आणि आदल्या संध्याकाळच्या टोमण्याबद्दल वाईट वाटत होतं तेही त्यांना सांगितलं. "खरंच होतं ते," म्हणाले. "शिंगं नव्हतीच. आवाज होता फक्त."

तर वाचकहो, जाणार असाल तर रिसॉर्ट टाळा, करवंदं घ्या, दुर्बीण न्या. शिंगाचे कॅप्सूल कोणी दिले तर त्याच्याच तोंडात घाला. जंगलात खरं गळलेलं शिंग सापडलं तर उचलू नका, ते बाळगणं गुन्हा आहे. साळिंदरं ते कुरतडून खातात, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त उपयोग आहे. आणि बिनशिंगाचं भेकर दिसलं तर मादी म्हणून हसण्याआधी त्याचं कपाळ बघा.

इंजेक्शन झालं. बाळाराम खरोखर आले होते, धोतर-टोपी घालून, आणि डॉक्टरीणबाईंना ढवळ्याची गोष्ट पूर्ण ऐकवल्याशिवाय उठले नाहीत. आता गृहस्थांना मधूनच अंगातून वाफा आल्यासारखं होतं. चेहरा लाल होतो, घाम फुटतो. डबक्याकाठच्या त्या नराचं हार्मोन पावसानंतर परत येईल, यांचं येणार नाही, आणि ते सोपं नाही हे मी नाकारत नाही. काही दिवस ते गप्प असतात. मिशी मात्र जागेवर आहे, रोज आरशात तपासली जाते.

काल दुपारी असंच झालं. सदरा काढून, गळ्यात ओला टॉवेल टाकून टेबलफॅनसमोर बसले होते. तेवढ्यात बाळारामचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, दार लावलेलं होतं, तरी शब्दन् शब्द ऐकू आला. शेजारच्यांनाही आला असणार.

"बरा आहे रे!" गृहस्थ ओरडले. "शिंगं गळली. पण भुंकतोय अजून!"